न काढलेली टोपणे

मित्रांनो, मी एक जुने ग्राफिक्स कार्ड आहे. माझा मुक्काम सध्या एका चष्म्याच्या दुकानात, काउंटरखालच्या कॉम्प्युटरच्या काळ्या कॅबिनेटमध्ये आहे. समोरच्या भिंतीवर एक स्क्रीन आहे आणि त्यावर अक्षरांच्या ओळी उमटतात, वर एक भलेमोठे अक्षर आणि खाली बारीक होत गेलेली बाकीची. ती अक्षरे मी काढतो. माझ्या अंगातली ताकद पाहता हे काम म्हणजे पहिलवानाला टाचणी उचलायला सांगण्यासारखे आहे. तरी मी ते मन लावून करतो आणि कधी कुरकुर करत नाही. कारण उमेदीच्या काळात मी काडीचेही काम न करता नुसते कौतुक खात बसलो होतो. त्या दिवसांची आठवण झाली की अजून ओशाळायला होते.

ज्यांना खेळांचा नाद नाही त्यांच्यासाठी सांगतो. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर जे जे हलते, पळते, उडते, त्याचे चित्र काढणे हा आमचा धंदा. कार्ड चांगले असेल तर चित्र पाण्यासारखे वाहते. नसेल तर ते अडखळत येते, आणि खेळात शत्रू दारात येऊन गेल्यावर मग स्क्रीनवर दिसतो.

माझा जन्म पांढऱ्या दिव्यांच्या एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथली माणसे डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली असत, फक्त डोळे दिसत. यंत्रांनी माझे बारीकसारीक भाग पाटीवर डकवले, वर धातूच्या पट्ट्या आणि तीन पंखे बसवले. मग मला चालवून पाहिले. स्क्रीनवर एक जंगल धावत गेले आणि त्यातले पान न् पान वेगळे दिसले. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "छान आहे हे." खऱ्या कामाबद्दल मिळालेले हे माझे पहिले कौतुक, आणि पुढे पुष्कळ दिवसांसाठी शेवटचेही. त्याच बाईंनी माझ्या पाठीमागच्या चार पोर्टवर, म्हणजे स्क्रीनची वायर जिथे खोचतात त्या चार जागांवर, काळ्या रबराची टोपणे बसवली. प्रवासात धूळ जाऊ नये एवढ्यासाठी ती असतात. घरी पोचल्यावर काढायची असतात.

खोक्यावर आग ओकणारा राक्षस छापून मला एका दुकानात पाठवले. खोक्यातून दिसत काही नाही, पण ऐकू सगळे येते. तिथेच मी मुंगीचा आणि तिच्या बाबांचा आवाज पहिल्यांदा ऐकला. मुंगी हे तिचे घरातले नाव. लहानपणी ती एका जागी टिकत नसे, सारखे काहीतरी उचलून इकडून तिकडे नेत असे, म्हणून ते पडले आणि ती कॉलेजात जायला लागली तरी सुटले नाही. ती एका संघातून किल्ल्याचा खेळ खेळायची. प्रत्येक संघाला एक किल्ला असतो आणि समोरच्याच्या किल्ल्यात शिरायचे असते. मुंगी दार राखायची. शत्रू दारात दिसला की डोळ्यांची पापणी लवायच्या आत फाटक पाडायचे, हे तिचे काम. संघ आता मोठ्या स्पर्धेला उतरणार होता आणि घरच्या जुन्या कॉम्प्युटरला ते झेपत नव्हते.

बाबांचा व्यवसाय डोळे तपासून चष्मे करून देण्याचा. त्यामुळे कुठलीही वस्तू निवडायची त्यांची रीत एकच होती. दुकानात शेजारी शेजारी लावलेल्या दोन स्क्रीनसमोर त्यांनी मुंगीला बसवले. एकीला माझ्याच जातीचे एक कार्ड जोडलेले होते, दुसरीला दुसरे.

"हे बरं की ते बरं?" बाबांनी विचारले.

"डावीकडचं."

मग तिला तोंड फिरवायला लावून त्यांनी दुकानदाराकडून वायरी बदलून घेतल्या. "आता?"

"आता उजवीकडचं. बाबा, तुम्ही वायरी बदलल्यात ना?"

बाबा हसले. असे त्यांनी तीन-चार वेळा दुकानात येऊन केले. दर वेळी मुंगीने मलाच निवडले. दुकानदार कंटाळला असेल, पण त्याने चांगला सल्ला दिला. एवढे कार्ड घेताय तर वीज पुरवणारा पॉवर सप्लाय हलका घेऊ नका, तो म्हणाला, आणि स्क्रीनही तितकीच वेगवान घ्या, नाहीतर कार्डाने काढलेले चित्र दाखवायचे कोणी?

सुरक्षेच्या सॉफ्टवेअरवर मात्र दोघांचे वाजले.

"खेळायच्या मशीनला हलकं बघा," दुकानदार म्हणाला. "खेळ चालू असताना मध्ये मध्ये बोलत नाही असं."

"राखणदार गप्प बसला तर राखण कसली?" बाबा म्हणाले.

"गप्प बसतो, झोपत नाही. खेळताना सूचना दाखवत नाही, पण येणारी फाइल तपासतोच."

बाबांनी हे तीनदा वदवून घेतले आणि मगच ते सॉफ्टवेअर घेतले. मी त्याला राखणदारच म्हणतो. पुढे माझ्यामुळे त्याच्यावर जी वेळ आली ती आठवली की त्याच्याकडे बघायचे धाडस होत नाही.

घरी आलो तेव्हा मला या कुटुंबाची एक खासियत कळली. नव्या वस्तूवरचे आवरण काढायचे नाही, असा त्या घरचा शिरस्ता होता. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत असे आणि पिशवीवरूनच बटणे दाबली जात. फ्रिजच्या दारावर कारखान्यातली निळी फिल्म होती, तिचे कोपरे उलटून काळे पडले होते, पण फिल्म जागेवर होती. सोफ्यावर बसले की चरचर आवाज यायचा. दिवसभर काचेला ओरखडा पडू नये म्हणून जपणारा माणूस घरी आला तरी जपतच राही. आई त्यावरून चिडवायची. "तुझ्या बाबांचं चाललं असतं ना, तर बाळंतपणाहून आणलं तेव्हा तुलाही गुंडाळूनच ठेवलं असतं," असे ती मुंगीला म्हणायची.

जोडणी दुकानदार करून देणार होता, पण बाबांनी नको म्हटले. "स्क्रू फिरवण्यात माझा जन्म गेला," ते म्हणाले. खरेच होते ते. जेवणाच्या टेबलावर चादर अंथरून, चष्म्याच्या दांड्या कसायच्या बारीक पेचकसाने त्यांनी एकेक भाग बसवला. मला मदरबोर्डच्या खाचेत असे अलगद बसवले की कुठे काही दुखले नाही. मदरबोर्ड म्हणजे ज्यावर आम्ही सगळे बसतो ती मोठी पाटी. मग कॅबिनेटला काचेची बाजू लावली, अर्थात तिच्यावरची फिल्म न काढता. त्यामुळे मला ते घर आणि ती माणसे पुढे पुष्कळ दिवस धुरकटच दिसली.

उरली होती ती फक्त स्क्रीनची वायर. बाबा कॅबिनेटच्या मागे वाकले. मुंगी बॅटरीचा उजेड धरून उभी होती. मागे दोन जागा होत्या. खाली माझी चार पोर्ट, चारही टोपण घातलेली. वर मदरबोर्डचे एक पोर्ट, उघडे.

"बाबा, खालच्यात का नाही लावत?" मुंगीने विचारले.

"कंपनीने झाकून दिलंय ते कशाला उघडायचं? वर मोकळं आहे की. तू बॅटरी नीट धर."

आणि त्यांनी वायर वरच्या पोर्टमध्ये लावली.

कॉम्प्युटर सुरू झाला, स्क्रीनवर चित्र आले, आईने टाळ्या वाजवल्या. ते चित्र माझे नव्हते, मित्रांनो. मुख्य प्रोसेसरच्या पोटात चित्र काढणारा एक इवलासा भाग असतो, त्याला मी धाकटा म्हणतो. पत्रे लिहिणे, फोटो बघणे, असल्या कामांपुरता तो असतो. वरच्या पोर्टमध्ये जाणारे चित्र त्याचे. त्या दिवसापासून किल्ले, घोडे, धूर, आग, सगळा डोंगर त्या धाकट्याने एकट्याने उपसला. त्याच्या नाकी नऊ यायचे. मी त्याच्या शेजारी तीन पंखे घेऊन हाताची घडी घालून बसलेलो. मला कोणी कामाला लावलेच नव्हते, आणि आम्हाला आपण होऊन उठता येत नाही.

पण कौतुक मात्र सगळे माझे झाले. मी खपत नव्हतो, म्हणून तापत नव्हतो. तापत नव्हतो, म्हणून माझे पंखे फिरत नव्हते. घरी कोणी आले की बाबा त्यांना कॅबिनेटजवळ कान न्यायला लावायचे.

"येतोय का आवाज?"

"नाही बुवा."

"एवढा खेळ चालू आहे आत, पण हूं की चूं नाही. चांगली वस्तू अशी असते."

लोक माना डोलवायचे. आईचा भाऊ, म्हणजे मुंगीचा मामा, तर म्हणाला, "भाऊजी, निवड करावी तर तुम्ही." धरणीने पोटात घ्यावे असे मला झाले. शेजारी धाकटा धापा टाकत होता.

मुंगीला पहिल्याच आठवड्यात चित्र अडखळताना दिसले.

"दुकानात असं नव्हतं, बाबा," ती म्हणाली.

"दुकानात सगळंच छान दिसतं," बाबा म्हणाले.

मग ती पुन्हा खेळायला बसली. पण फाटक उशिरा पडू लागले. शत्रू दारातून आत शिरून गेल्यावर तिच्या स्क्रीनवर दारात दिसायचा, त्याला ती तरी काय करणार? हेडफोनमधून कप्तानाचा आवाज यायचा. "मुंगी, गेट! गेट!" सुरुवातीला तो समजुतीने बोलायचा, नंतर नुसता सुस्कारा ऐकू यायचा.

आता या घराची गंमत बघा. बाबा डोळ्यांचे जाणकार आणि आई फिजिओथेरपिस्ट, लोकांच्या आखडलेल्या हातापायांना व्यायाम शिकवणारी. तेव्हा तपासणी सुरू झाली ती मुलीची. बाबांनी दुकानातून भिंगे अडकवायची गोल चौकट आणली आणि खेळ चालू असतानाच मुंगीच्या नाकावर चढवली.

"हे बरं की ते बरं?"

"दोन्हीत अडखळतंय, बाबा."

"नीट बघून सांग."

"नीटच बघतेय."

डोळे ठणठणीत निघाले. मग आईने बोटे हातात घेतली, मनगटे फिरवून पाहिली आणि सांगितले की हात थोडा संथ आहे, सवयीने सुटेल. रबरी चेंडू दाबायचा, बोटे एकेक करून उचलायची, असे व्यायाम लावून दिले. मुंगी चेंडू दाबत बसायची आणि मी काचेच्या फिल्ममधून तिची धूसर आकृती बघायचो. हळूहळू ती स्वतःच म्हणू लागली, "माझा हातच स्लो आहे." ही गोष्ट ती पहिल्यांदा म्हणाली तेव्हा आई गडबडीत होती आणि बाबा फोनवर होते. नीट ऐकली ती मी एकट्याने.

एकदा मामाने मनावर घेतले. त्याने कॉम्प्युटरच्या भागांची यादी उघडली. त्यात माझे नाव ठळक दिसत होते, कारण मी आत बसलेला तर होतोच. "कार्ड आहे की जागेवर, आणि एकदम भारी आहे," असे म्हणून मामाने मला निर्दोष सोडले. मग त्याचे बोट राखणदाराकडे वळले. "हे सुरक्षेचं लफडं आधी काढा. खेळ खाऊन टाकतं ते. प्रत्येक गोष्ट तपासत बसतं."

बाबा कां-कू करत होते. जपणूक हा त्यांचा स्वभाव. पण एवढे निवडून आणलेले कार्ड नीट चालत नाही, हे त्यांच्या मनाला मानवत नव्हते. दोष दुसरीकडे असला तर त्यांना हवाच होता. त्यांनी मान हलवली आणि मामाने राखणदाराला काढून टाकले. माझ्या निकामीपणाचे खापर त्याच्या माथी फुटले. त्याने जाताना तक्रार केली नाही, नियमाप्रमाणे फक्त एक प्रश्न विचारला, खरंच काढायचं का? मामाने हो दाबले.

खेळ तसूभरही सुधारला नाही. सुधारणार कसा? मुंगी मात्र आता कशालाही तयार झाली होती. कुठल्याशा अनोळखी माणसाने तिला एक फाइल पाठवली. ही चालवली की खेळ दुप्पट वेगाने चालतो, असे तिच्यावर लिहिले होते. मुंगीने ती चालवली. राखणदार असता तर त्याने ती दारातच अडवली असती. दार राखणाऱ्या मुलीच्या घराला त्या दिवशी राखणदार नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिचा पासवर्ड चालेना. शाळेपासून जपलेले तिचे खाते, तिने जिंकलेल्या ढाली, सगळे कोणाच्यातरी हाती गेले. त्याहून वाईट म्हणजे तिच्या नावाने तीच फाइल संघातल्या सगळ्यांना गेली. मुंगीने पाठवली म्हणून दोघांनी ती उघडली आणि त्यांचीही खाती गेली.

कप्तानाने फोन केला. तो वाईट मुलगा नव्हता. "तू मुद्दाम नाही केलंस हे मला माहितीये," तो म्हणाला. "पण गेटवर तू उशिरा पोचतेस, आणि आता हे. मी बाकीच्यांना काय सांगू?"

"बरोबर आहे तुझं," मुंगी म्हणाली.

तिने हेडफोन काढून गुंडाळून ठेवले. त्यानंतर कित्येक महिने खेळ उघडलाच गेला नाही. आई त्या कॉम्प्युटरवर तिच्या पेशंटची बिले करायची आणि ती धाकटाच दाखवायचा. कोणी आले तर बाबा अजून सांगायचे, आवाज अजिबात नाही बरं का. पण आता ते कोणाला कान लावायला सांगत नसत.

शेवटी मला विकायचे ठरले. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी, आई आणि मुंगी बाहेर असताना एका गिऱ्हाइकाचा फोन आला. बाबांनी फोन स्पीकरवर ठेवला, कॅबिनेट फिरवले आणि फडक्याने मागची बाजू पुसत बोलू लागले.

"एकदम नव्यासारखं आहे," ते म्हणाले. "खोटं वाटेल तुम्हाला, मागची टोपणंसुद्धा अजून काढलेली नाहीत."



"कुठली टोपणं?"

"ती रबराची. काळी."

"सगळी आहेत?"

"चारही. एकालाही हात लावलेला नाही."

"मग काका, तुमच्या स्क्रीनची वायर कुठे लावलीये?"

"वर. तिथे मोकळं होतं."

"ते मदरबोर्डचं आहे," तो माणूस म्हणाला. हसू दाबून बोलत असावा. "म्हणजे तुम्ही कार्ड वापरलंच नाहीये. मला चालेल, मला नवंच मिळतंय."

बाबांनी नंतर फोन करतो म्हणून ठेवला.  मग त्यांनी बोटांच्या चिमटीत धरून माझी टोपणे एकेक करून काढली. वायर वरून काढून माझ्या पोर्टमध्ये लावली आणि कॉम्प्युटर सुरू केला. त्यांना खेळता येत नव्हते, पण मुंगीने सरावासाठी ठेवलेले मैदान त्यांनी उघडले. घोडे धावत आले, फाटकाची साखळी कडीकडीने हलली, धूळ उडाली. माझ्या अंगात ऊब भरली आणि माझे तिन्ही पंखे त्या घरात पहिल्यांदाच घरघरले. मला आनंद व्हायला हवा होता. बाबा टेबलाच्या कडेवर कपाळ टेकून बसले होते, आणि मला फक्त शरम वाटत होती.

मुंगी घरी आली तेव्हा टोपणे बाबांच्या खिशात होती.

"कसला आवाज येतोय?" तिने विचारले.

"जरा साफसफाई केली आतून," बाबा म्हणाले. "बसून बघ एकदा."

"नको."

"माझ्यासाठी."

तिने नाइलाजाने नवे नाव घेऊन खेळ उघडला. पहिला शत्रू दारात आला आणि फाटक खाडकन खाली आले. दुसरा आला, फाटक खाली. तिसऱ्याने हुलकावणी दिली, तरी चुकली नाही. खुर्चीवर तिची पाठ ताठ झाली. काही वेळाने ती हसली. ते हसू मी फार दिवसांनी ऐकले.

मग ती म्हणाली, "आईचे व्यायाम लागू पडले वाटतं. तेव्हा मी धड केलेच नाहीत, कंटाळा केला. नाहीतर संघातून गेले नसते."

बाबांनी हो म्हटले असते तर कोणाला काही कळले नसते. मुलगी खूश होती, कॉम्प्युटर चालत होता, त्यांचा मानही राहिला असता. मी आतून विनवत होतो की हो म्हणू नका. तिने दोष स्वतःकडे ठेवला आहे, तो तिच्याकडे राहू देऊ नका. बाबा उठून स्वयंपाकघरात गेले. पाण्याचा नळ सुटल्याचा आणि बंद झाल्याचा आवाज आला. परत येऊन त्यांनी खिशातली चार टोपणे कीबोर्डजवळ ठेवली.

"हे काय?"

"वायर चुकीच्या जागी होती, मुंगे. पहिल्या दिवसापासून. मी लावलेली. हे कार्ड आज पहिल्यांदा चाललंय. तुझे डोळे चांगले होते, हातही चांगले होते."

मुंगीने एक टोपण उचलले आणि उलटसुलट करून पाहिले.

"मी विचारलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"खालच्यात का नाही लावत, असं विचारलं होतं मी."

"विचारलं होतंस. आणि मी तुला बॅटरी नीट धर म्हटलं."

ती आवाज न चढवता बोलली. "त्या शेवटच्या मॅचला मी फाटक पाडलं होतं, बाबा. मला वाटत होतं की वेळेवर पाडलंय. सगळे म्हणाले उशीर झाला, मग मीही तेच म्हणायला लागले. तुम्ही माझे डोळे तपासलेत. आईने माझी बोटं तपासली. याच्या मागे कोणीच बघितलं नाही."

 बाबांनी माफ कर म्हटले. ती आपल्या खोलीत गेली आणि पुढचे काही दिवस बापलेकीत कामापुरतेच बोलणे झाले.

त्या दिवसांत बाबांनी स्वतः कप्तानाला फोन लावला आणि काहीही न लपवता सगळे सांगितले. कप्तान म्हणाला, "काका, वाईट वाटतं. पण तिची जागा आता दुसऱ्याला दिलीये, त्याला कसं काढू? पुढच्या निवडीला येऊ दे तिला, सगळ्यांबरोबर." बाबा म्हणाले, "योग्य आहे." गेलेली जागा आणि गेलेले खाते परत आले नाही, मित्रांनो. तेवढे नुकसान भरून निघणारे नव्हतेच.

मग एका सकाळी मुंगी स्वतःच माझ्यासमोर येऊन बसली. तिने आधी राखणदार परत आणला. तो चालू ठेवून खेळून पाहिले, बंद ठेवून खेळून पाहिले, आणि दोन्हींत फरक जाणवत नाही याची खात्री करून घेतली. "याला उगाच घालवलं आपण," असे ती आईला म्हणाली. आईनेही तेव्हा कबूल केले की मुंगीचा हात संथ आहे हे आपण घाईत म्हटले होते. नंतर मुंगीने कॅबिनेटच्या काचेवरची फिल्म एका कोपऱ्यातून नखाने उचलली आणि सर्रकन ओढून काढली. तिचा चेहरा मला पहिल्यांदा स्वच्छ दिसला. डाव्या भुवईजवळ तीळ होता. इतके दिवस तिच्यासमोर होतो आणि मला तो माहीत नव्हता.

पुढची निवड ती रीतसर देऊन आली आणि राखीव खेळाडू म्हणून संघात शिरली, नंतर पुन्हा दारावर गेली. मी तिच्यासाठी पुष्कळ खपलो, तापलो, घरघरलो. कालांतराने मी मागे पडलो आणि तिने नवे कॅबिनेट आणि त्यात नवे कार्ड आणले. ते तिने स्वतः बसवले. सगळ्यात आधी टोपणे काढून टेबलावर ठेवली. मागे बॅटरी धरून बाबा उभे होते आणि ती सांगेल तिथे उजेड पाडत होते. धाकटा आणि मी मात्र जुन्याच कॅबिनेटमधून बाबांच्या या दुकानात आलो. मी कामात असलो की तो आता विश्रांती घेतो. त्याला ती मिळायलाच हवी.

मित्रांनो, मला तुमच्याकडून एवढेच हवे आहे. वस्तू घेताना खूप पारखून घ्या, पण घेतल्यावर तिला काम करू द्या, झाकून ठेवू नका. आणि एखादी मुलगी, एखादा मुलगा कुठे कमी पडताना दिसला, तर त्याला मंद म्हणायच्या आधी एकदा मागे वाका. वायर कुठे लागली आहे ते बघा. आम्हाला तोंड नसते, आम्ही सांगू शकत नाही. मुले सांगतात, तेव्हा त्यांचे ऐका.

परवा दुकानात एक चिमुरडी डोळे तपासायला आली होती. तिसऱ्या ओळीत ती अडखळली. तिचे आजोबा म्हणाले, "नीट बघ की, लक्ष कुठे आहे?"

"तिला काही म्हणू नका," बाबा म्हणाले. "आधी मी माझं बघतो." ते उठले, स्क्रीन पुसली, भिंग दोन्ही बाजूंनी उजेडात धरून पाहिले, मग काउंटरमागे वाकून हाताने माझी वायर चाचपली. ती घट्ट होती. काउंटरवर बारीक स्क्रू ठेवायची वाटी असते, तिच्यात माझी चार टोपणे अजून पडलेली आहेत. त्यांच्याकडे बाबांची नजर गेली.

वयोमानाने माझे पंखे आता हलक्या कामालाही फिरतात. आजोबांनी कान टवकारले. "काउंटरखालून घरघर येतेय हो कसली तरी."

"येऊ द्या," बाबा म्हणाले. "काम करतंय ते."